फळी दिसली की आत यायचं

तीस वर्षं मी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासले. दवाखान्यांतले, दूध डेअऱ्यांतले, रंगाच्या कारखान्यांतले. गरम तेलाच्या टाकीत आमचा खात्रीचा थर्मामीटर आणि त्यांचा थर्मामीटर शेजारीशेजारी बुडवायचा, दोघांतला फरक लिहायचा, जास्त निघाला तर परत पाठवायचा. काम कंटाळवाणं होतं, पण मला आवडायचं, कारण तिथे वाद घालायला जागा नव्हती. "हाथ लगाके देखो ना साहब, इतना गरम नहीं है," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. हाताला काय कळतं? बर्फाला हात लावून आलेल्या माणसाला नळाचं पाणीसुद्धा गरम लागतं. हे व्याख्यान मी घरीही द्यायचो. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आमच्या आईनं वर्ध्यात सहा पोरं न्हाऊ घातली, एकाचीही कातडी सोलली नाही. थर्मामीटर नव्हता हो तिच्याकडे."

मी ते हसण्यावारी न्यायचो. आज लिहायला बसलोय ते त्याच वादाबद्दल, आणि त्या वादापायी मी माझ्या मुलीचं काय घालवलं त्याबद्दल.

मुलगी एकुलती एक. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली, त्यामुळे दारातून पाऊल बाहेर पडलं की हिंदी आणि आत आलं की मराठी, तीही अर्धीमुर्धी. लहान असताना तिला आंघोळ घालायचं काम माझ्याकडे होतं. बादलीत तिचा हात बुडवून मी विचारायचो, "कसं आहे?" ती म्हणायची, "गुनगुना." मी म्हणायचो, "गुनगुना शेजाऱ्यांकडे. आपल्याकडे कोमट." मग कोमटच्या वर ऊन, त्याच्या वर कढत आणि शेवटी चटका, अशा चार पायऱ्या मी तिला शिकवल्या. मराठीतले पुष्कळ शब्द तिने पुढे हरवले, हे चार मात्र राहिले. हाताला काय कळतं म्हणणाऱ्या माणसाने पोरीला हाताचीच मोजपट्टी शिकवावी, ही गंमत तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिने एक जुनी सेडान घेतली. त्याआधी शनिवार-रविवार ती गुरगावच्या कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या रेसगाड्यांच्या, मैदानावर पडीक असायची, आणि तिथल्या जाणत्यांनी तिला सांगितलं होतं की तुझा हात चांगला आहे. गाडी इतकी म्हातारी की दिल्लीच्या रस्त्यावर आणायची सोय नव्हती. गाडी राहायची ग्रेटर नोएडाकडच्या एका गावात, म्हशींच्या गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये, आणि ट्रॅकवर जायची टेम्पोवर चढून, नवरदेवाच्या थाटात. मागची सीट, गालिचे, एसी सगळं काढून टाकलेलं. मागच्या चाकांवर पळणारी गाडी, म्हणून तिचा गिअरबॉक्स पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, गिअरच्या दांड्याच्या बरोबर खाली.

रेसिंग म्हणजे इंजिनाचा खेळ, अशी माझी समजूत होती. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की इंजिनाचे लाड करायला रेडिएटर आहे, पंखा आहे, पाणी आहे. गिअरबॉक्सला कुणी नाही. दीड-दोन लिटर तेलात दातेरी चाकं फिरत राहतात आणि ते तेल गुपचूप तापत जातं. रस्त्यावर यातलं काही जाणवत नाही. ट्रॅकवर मात्र वीस मिनिटं सारखे गिअर बदलत राहिलं की तेल पाण्यासारखं पातळ होतं, आणि तिसरा गिअर पडताना कर्रकन आवाज येतो. तो आवाज आला की थांबायचं असतं.

ती थांबली नाही. आवाज ऐकूनही तिने आणखी दोन फेऱ्या मारल्या. आतलं बेअरिंग फुटलं, मागची चाकं जागच्या जागी आवळली गेली आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरत जाऊन टायरच्या भिंतीवर आदळली. ती स्वतःच दार उघडून बाहेर आली. खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तिच्या आईने ते समोर उभं राहून पाहिलं होतं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "झालं तेवढं पानिपत पुरे. गाडी विका."

मधला मार्ग मी काढला. अभिमानाने काढला, सरकारी माणसाला मधला मार्ग काढल्यावर जो अभिमान वाटतो तो. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मी मोजणार. गाडीत आकडा दिसणार नाही, कारण गाडी चालवणाऱ्याने समोर बघायचं असतं. आकडा येणार पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, माझ्या हातातल्या टॅबवर. आकडा वाढला की मी पिटच्या भिंतीवरून एक फळी दाखवणार, पिवळी, वर लाल बाण. फळी दिसली की त्याच फेरीला आत यायचं. का, कशाला, आणखी एकच, काही नाही. स्वयंपाकघरात आईसमोर उभी राहून मुलगी म्हणाली, "बिल्कुल आई. शब्द देते. फळी दिसली की आत." आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कुकरची शिटी मोजायला लागली. तो होकार होता.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. निवृत्तीला थोडे दिवस उरलेले, ऑफिसात लक्ष नाही, आणि दर रविवारी सकाळी आम्ही बापलेक डब्यात थालीपीठं घेऊन त्या शेडमध्ये. मायापुरीच्या भंगार बाजारातून दुसरा गिअरबॉक्स आणला, काश्मिरी गेटला पंधरा दुकानं पालथी घालून जरा जाड जातीचं तेल शोधलं. गाडीच्या पोटाखालून वारा गिअरबॉक्सवर जाईल असा पत्र्याचा नळ मी स्वतः वाकवला. तेल काढायच्या बोल्टला भोक पाडून त्यात सेन्सर बसवला. बसवण्याआधी तो प्रयोगशाळेतल्या तेलाच्या टाकीत बुडवून तपासला, हे सांगायला नकोच. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. इतका चांगला सेन्सर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

गाडी कशी चालवायची, हेही आम्ही तापमानावरून बसवलं. दोन फेऱ्या जोरात, मग एक फेरी वरच्या गिअरमध्ये सावकाश, मग पुन्हा दोन. जिथे दोनदा गिअर बदलायचा मोह होतो तिथे एकदाच. सरळ पट्ट्यावर हात दांड्यावरून काढायचा. हे शेवटचं ती निम्मंच ऐकायची. तिने डाव्या हातमोज्याच्या पहिल्या बोटाचं टोक कापलं होतं, आणि सरळ पट्ट्यावर ते उघडं बोट दांड्याच्या लोखंडाला लावून बघायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "अरे यार बाबा, तुमचा टॅब तुमच्याकडे, माझं बोट माझ्याकडे." बायको म्हणाली, "बरोबर आहे तिचं. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तरी त्यातूनच आमचा एक खेळ सुरू झाला. ती पिटमध्ये आली की दार उघडून मी पहिला प्रश्न तोच विचारायचो, "कसा आहे?" ती हेल्मेटच्या आतून म्हणायची, "ऊन." मी टॅब बघायचो, शंभराच्या आसपास असायचा. "कढत" म्हणाली की एकशेवीसच्या वर. दोन वर्षांत तिचं बोट एकदाही चुकलं नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. चेष्टेने म्हणायचो, "प्रमाणपत्र देता येणार नाही, अर्ज करा."

मग तो दिवस आला ज्यासाठी हे सगळं चाललं होतं. एका रेसिंग संघाने निवड ठेवली होती. प्रत्येकाने आपली गाडी आणायची, पंधरा मिनिटं ट्रॅकवर, त्यात सगळ्यात कमी वेळेची एक फेरी धरायची. पहिला येईल त्याला पुढच्या हंगामात संघाची गाडी चालवायला मिळणार. पुढच्या वर्षी असं पुन्हा होईल याची खात्री नव्हती, आणि कॉलेज संपलेल्या पोरीला आणखी किती वर्षं रविवारी शेडमध्ये जाऊ देणार, हा प्रश्न नातेवाईक दर लग्नात विचारत होतेच. ती मला एवढंच म्हणाली होती, "बाबा, हे नाही झालं तर मग नोकरी."

दोन दिवस आधी मी सायलेन्सरचा पाईप बदलला. इंजिनाला जरा मोकळा श्वास मिळावा म्हणून मोठा पाईप. तो बसेना, म्हणून मधला उष्णता अडवणारा पत्रा काढून टाकला. पाईप आता गिअरबॉक्सला लागून, सेन्सरच्या बोल्टपासून चार बोटांवर जात होता. हे माझ्या हातांनी केलं. मग मी सेन्सर काढून पुन्हा एकदा तपासला, कारण महत्त्वाच्या कामाआधी उपकरण तपासायचं असतं. उपकरण बिनचूक होतं. मी ते परत त्याच जागी बसवलं.

एप्रिलची सकाळ होती. ऊन नुकतंच चढायला लागलं होतं. तिच्या गटात बारा जण होते आणि तिच्या आधी गेलेल्यांपैकी चंदीगडच्या एका मुलाची वेळ सगळ्यात चांगली होती. ती उतरली. पहिली फेरी टायर तापवायची. दुसरी जोरात, वेळ दुसऱ्या नंबरची. टॅबवर एकशेबारा. नेहमीपेक्षा लवकर वाढतोय असं वाटलं. तिसऱ्या फेरीला एकशेअठ्ठावीस. चौथ्या फेरीला ती समोरून गेली तेव्हा एकशेसत्तेचाळीस.

एकशेसत्तेचाळीस आम्ही कधी पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर टायरची भिंत आली. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकावं तसं मी दुसरा काही विचारच केला नाही. फळी उचलली आणि भिंतीवर धरली. तिने ती जाताना पाहिली, हे मला हेल्मेट वळल्यावरून कळलं.

मग ती फेरी. पिटमधल्या पडद्यावर ट्रॅकच्या तीन भागांच्या वेळा येत होत्या. पहिला भाग तिचा, सगळ्यांहून कमी. दुसरा भागही तिचा. शेजारी उभ्या एका अनोळखी माणसाने "ओए, ये कौन है?" असं म्हटलं. शेवटच्या वळणातून ती बाहेर आली तेव्हा समोर दोन रस्ते होते. डावीकडे पिटची वाट, सरळ पुढे शेवटची रेषा. काही सेकंदांचं अंतर. रेषा ओलांडून पुढच्या फेरीला ती आत येऊ शकत होती. ती डावीकडे वळली. पिटमध्ये शिरलेल्या गाडीची ती फेरी धरत नाहीत.

मी धावत जाऊन दार उघडलं. ओरडलो, "एकशेसत्तेचाळीस! एकशेसत्तेचाळीस झालं होतं!" तिने हेल्मेट काढलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग गिअरच्या दांड्याकडे. म्हणाली, "अच्छा." मग म्हणाली, "ठीक आहे बाबा. बॉक्स तर वाचला." वेळ अजून तीन-चार मिनिटं उरला होता, पण तापलेल्या गाडीला मीच परत जाऊ दिलं नाही. चंदीगडचा मुलगा निवडला गेला. तिने जाऊन त्याच्याशी हात मिळवला, नीट, मनापासून. त्या दिवशी मी "कसा आहे?" हे विचारलंच नाही.

पुढच्या रविवारी मी एकटा शेडमध्ये गेलो. जळकं तेल बदलायचं म्हणून बोल्ट सोडला. तेल खाली आलं ते मधाच्या रंगाचं. वास घेतला, जळका नव्हता. बोल्टच्या टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा चुरा नव्हता. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि मान वर करून पाईपकडे पाहिलं. पाईपकडच्या बाजूने बोल्ट तापून निळा पडला होता. मग मी आपल्या धंद्याप्रमाणे सगळं केलं. तेल परत भरलं, गाडीची मागची चाकं उचलून अर्धा तास चालवली, आणि वरच्या भोकातून प्रयोगशाळेचा काचेचा थर्मामीटर तेलात सोडला. टॅब म्हणाला एकशेछत्तीस. तेल होतं ब्याण्णव.

सेन्सर खोटं बोलला नव्हता. तो जिथे बसला होता तिथे तेवढंच गरम होतं. दुसऱ्यांच्या थर्मामीटरवर मी तीस वर्षं हाच शेरा मारत आलो होतो, की यंत्र बरोबर आहे, बसवायची जागा बदला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं लोक मला हसून म्हणायचे. बैल गेला असता तरी चाललं असतं.

घरी येऊन मी तिला सांगणार होतो. ती जेवायला बसली होती, आईला काहीतरी सांगून हसवत होती. मी म्हटलं, उद्या. उद्या तिचा इंटरव्ह्यू होता, म्हटलं, झाल्यावर. झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मिळाली नोकरी. बंगळुरू." बायकोने शेजारच्या चार घरी पेढे वाटले. त्यात मी काय बोलणार? भित्रा माणूस मुहूर्त शोधत बसतो आणि त्याला तो सापडत नाही. महिन्याभरात गाडी विकली गेली. घेणाऱ्याला मी पाईपजवळ पत्रा लावून दिला, नीट, चार स्क्रूंनी. तेवढं प्रायश्चित्त मला जमलं.

तीन वर्षं गेली. क्वार्टर सुटलं, आम्ही द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आलो. मुलगी सणासुदीला येते, विमा कंपनीच्या कॉम्प्युटरवर काहीतरी करते, बढतीही मिळाली. रेसिंगचं नाव काढत नाही. टीव्हीवर शर्यत लागली तर उठून पाणी प्यायला जाते. एकदा बायको मला म्हणाली, "तुम्ही वाचवलंत तिला त्या दिवशी." मी ताटावरून उठलो. तिला वाटलं, भाजी बिघडली.

गेल्या मार्चमध्ये ती आठ दिवस राहून परत निघाली. दुपारचं विमान होतं, मी सोडायला निघालो. आमची आताची गाडी ऑटोमॅटिक आहे, पायाला क्लच नाही की हाताला काम नाही. विमानतळाच्या आधीच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं होतं. पुढच्या बसच्या मागे आम्ही उभे होतो, आणि मला एकदम वाटलं की आज बोललो नाही तर मी हे घेऊनच मरणार. स्टीअरिंगकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. पाईप, पत्रा, बोल्ट, काचेचा थर्मामीटर, ब्याण्णव. "तुझी फेरी मी घालवली. आणि तीन वर्षं तुझ्यासमोर बसून जेवत राहिलो."

ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"आकडा चुकलाय ते. तुम्ही फळी दाखवली तेव्हाच बोट लावून बघितलं मी. शेवटच्या वळणाआधी परत बघितलं."

बस पुढे सरकली. मागून हॉर्न वाजायला लागले. माझा पाय ब्रेकवरून निघेना. जो प्रश्न त्या दिवशी दार उघडल्या उघडल्या विचारायचा होता, तो मी तीन वर्षांनी विचारला. "कसा होता?"

"कोमट."

"मग आत का आलीस?"

"फळी दिसली की आत यायचं," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "शब्द दिला होता ना. आणि तुमचा चेहरा बघितला मी भिंतीवर. इतके घाबरलेले तुम्ही, मी कधी बघितलेच नव्हते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणून मग नंतर ट्रायच नाही केलं. तिथेच कळलं मला. मी खरी रेसर असते तर आत आले नसते."

मला म्हणायचं होतं की नाही गं, पहिले दोन भाग तुझे होते, त्या अनोळखी माणसाने विचारलं होतं ही कोण म्हणून. मला म्हणायचं होतं की तुझं बोट दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही आणि हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. तिने पुढे होऊन माझ्या थंडगार पडलेल्या डाव्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "चला बाबा, हिरवा झालाय. लोक शिव्या देतायत."

मी गाडी पुढे घेतली.